फेफऱ्याचें औषध आणि मनाचा तोल
(आकाशवाणीवरील भाषण)



औषधांच्या दुकानांतून एकाच नांवाची गोळी दोन निराळ्या घरांतील माणसें घेऊन जातात. पहिल्या घरांत कोणाला तरी फेफरें येतें. वैद्यकांत ज्याला अपस्मार म्हणतात तो रोग त्यास जडलेला असतो. दुसऱ्या घरांतील रोग्यास जन्मांत कधीं फेफरें आलेलें नसतें. त्याचें दुखणें निराळें. कांहीं आठवडे त्याचें मन उधाण आलेल्या समुद्रासारखें असतें. झोंप नको, विसावा नको, पैशाचा हिशेब नको, बोलण्यास खंड नाहीं. मग ती लाट ओसरते, आणि पुढें कित्येक महिने अंथरुणावरून उठण्याचीहि त्यास इच्छा होत नाहीं. पहिली अवस्था उन्मादाची, दुसरी विषादाची. या दोन टोंकांमध्यें हेलकावे घेणाऱ्या विकारास डॉक्टर लोक बायपोलर डिसॉर्डर म्हणतात. आपण त्यास द्विध्रुवी मनोविकार म्हणूं. आतां या दुसऱ्या घरांतील गृहिणी चिठ्ठी वाचते, शेजारीण तिला सांगते कीं ही तर फिटची गोळी, आणि तिच्या मनांत साहजिकच शंका उभी राहते : 'आमच्या घरीं फीट कोणालाच येत नाहीं, मग हें औषध कशासाठीं?'

ही शंका वाजवी आहे. तिचें समाधान न झाल्यामुळें पुष्कळ घरांतून गोळी मध्येंच बंद पडते आणि रोग उलटतो. म्हणून आजच्या भाषणांत या शंकेचाच विचार करण्याचें योजिलें आहे. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात शाळेंत मुलांना शिकविण्यांत घालविलेला मी एक मास्तर आहें. परंतु अवघड धडा सोपा करून सांगणें हाच माझा व्यवसाय होता. आणि शास्त्रज्ञांनीं जें प्रयोगानें दाखविलें आहे, तें तेवढ्याच मापानें, पदरचें कांहीं न घालतां, आपणांपुढें मांडण्याचा मी यत्न करणार आहें.

प्रथम हीं औषधें आलीं कोठून तें पाहूं. यांत मुख्य तीन आहेत : व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपीन आणि लॅमोट्रिजीन. पैकीं पहिल्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. सन १८८२ मध्यें बेव्हर्ली बर्टन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें व्हॅल्प्रोइक ॲसिड प्रथम तयार केलें. त्यानंतर सुमारें ऐंशी वर्षें या पदार्थास औषध म्हणून कोणी ओळखलें नाहीं. पाण्यांत न विरघळणारे पदार्थ विरघळविण्यासाठीं एक निरुपद्रवी द्रावक, एवढीच त्याची प्रतिष्ठा. १९६२ च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथें पिएर एमार नांवाचा तरुण संशोधक कांहीं नवीन पदार्थांची परीक्षा घेत होता. ते पदार्थ पाण्यांत विरघळेनात, म्हणून या द्रावकांत मिसळून ते जनावरांना देण्यांत आले. पाहतात तों द्यावा तो पदार्थ फेफरें थांबवितो! पदार्थ बदलला तरी गुण तोच. तेव्हां संशय द्रावकावर गेला, आणि शोधाअंतीं गुण द्रावकाचाच आहे असें ठरलें.

आपल्याकडील वैद्य मात्रा उगाळून मधाबरोबर देतात व त्या मधास अनुपान म्हणतात. येथें मात्रा बाजूस राहिली आणि अनुपानच औषध निघालें! हा शोध १९६३ सालीं प्रसिद्ध झाला, व १९६७ सालीं फ्रान्समध्यें हें औषध फेफऱ्याकरितां विकण्यास आलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १९६६ सालीं, लांबेर या फ्रेंच डॉक्टरानें व्हॅल्प्रोएटशीं अगदीं जवळचें नातें असणाऱ्या एका पदार्थाचा मनोरुग्णांवर चांगला परिणाम होतो असें नमूद करून ठेविलें होतें.

कार्बामाझेपीनचीहि वाटचाल अशीच झाली. तें १९५३ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉल्टर शिंडलर यानें तयार केलें. तें घेणाऱ्या अपस्माराच्या रोग्यांचीं फेफरीं तर कमी होतच, पण त्यांचा चिडखोरपणाहि निवळतो असें डॉक्टरांच्या नजरेस आलें. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जपानी डॉक्टरांनीं तें उन्मादाच्या रोग्यांस देऊन पाहिलें. ओकुमा व त्यांचे सहकारी यांचा याविषयींचा लेख १९७३ सालचा आहे. लॅमोट्रिजीन हें त्या मानानें अलीकडचें. अमेरिकेंत द्विध्रुवी विकारासाठीं त्यास २००३ सालीं मान्यता मिळाली. उन्मादापेक्षां विषादाची पुढील लाट थोपवून धरण्याकडे त्याचा उपयोग अधिक होतो.

म्हणजे गृहिणीच्या शंकेचें पहिलें उत्तर असें कीं, या औषधांचा हा दुसरा उपयोग कोणीं चुकून सुरू केलेला नाहीं. रोग्यांकडे डोळसपणें पाहणाऱ्या डॉक्टरांस तो दिसला, आणि मागाहून रीतसर परीक्षा होऊन तो मान्य झाला. परंतु उपयोग होतो हें कळणें निराळें, व तो कां होतो हें कळणें निराळें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आपणांस मेंदूंत थोडें डोकावावें लागेल.

मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. प्रत्येक पेशी विजेचे बारीक ठोके देऊन आपला निरोप पाठविते. निरोगी मेंदूंत हे ठोके वर्गांतील मुलांच्या बोलण्यासारखे असतात. कोणी येथें बोलतो, कोणी तेथें उत्तर देतो, आणि त्यांतूनच काम चालतें. फेफऱ्याच्या वेळीं जणूं सगळा वर्ग एकदम एका सुरांत ओरडूं लागतो. मग कोणाचेंच कांहीं ऐकूं येत नाहीं. कार्बामाझेपीन व लॅमोट्रिजीन हीं औषधें पेशींच्या भिंतींतील सोडियमच्या सूक्ष्म दारांवर काम करतात, व त्यामुळें पेशीस फार जलद, अखंड ठोके देतां येत नाहींत. व्हॅल्प्रोएटचा परिणाम या दारांवर तर होतोच, शिवाय 'गाबा' नांवाचें मेंदूंतील जें शांत करणारें रसायन आहे, त्याचाहि प्रभाव तें वाढवितें. यावरून फेफरें कां थांबतें हें समजलें. पण मनाची भरती-ओहोटी कशी थांबते हें यावरून पुरतें समजत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टि आणखी एका रसायनाकडे वळली. त्याचें नांव सेरोटोनिन.

हें नांव अलीकडे वर्तमानपत्रांतून फार ऐकूं येतें. त्यास 'आनंदाचें रसायन' म्हणण्याचीहि प्रथा पडली आहे. परंतु त्याचा शोध आनंदाच्या शोधांत लागला नाहीं, रक्ताच्या शोधांत लागला. इटलींत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यास १९३० नंतरच्या दशकांत आंतड्याच्या अस्तरांत एक पदार्थ सांपडला होता. इकडे अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें रॅपोर्ट, ग्रीन व पेज या तिघांनीं १९४८ सालीं रक्ताच्या पाण्यांतून, म्हणजे सीरममधून, रक्तवाहिन्या आकुंचित करणारा एक पदार्थ वेगळा काढला. सीरममध्यें सांपडला आणि वाहिन्यांचा ताण, म्हणजे टोन, वाढवितो, म्हणून त्याचें नांव सेरोटोनिन ठेविलें. पुढें हे दोन्ही पदार्थ एकच ठरले. १९५३ सालीं बेटी ट्वारोग या विदुषीनें पेज यांजबरोबर काम करून हाच पदार्थ मेंदूंतहि असतो असें दाखविलें. आजहि हिशेब असा आहे कीं, शरीरांतील सुमारें नव्वद टक्के सेरोटोनिन आंतड्यांत असतें. मेंदूच्या वांट्यास त्याचा अल्पसा अंश येतो.

मनाच्या स्थितीशीं त्याचा संबंध जुळला तो मात्र आपल्या देशांतील एका वनस्पतीमुळें. सर्पगंधा ही औषधी आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. १९३१ सालीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं रक्तदाब व वेडेपणा या दोहोंवर तिच्या गुणाविषयीं लेख प्रसिद्ध केला. १९४९ सालीं मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकांत मांडला, आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचें लक्ष या मुळीकडे गेलें. १९५२ सालीं बाझल येथें तिच्यांतून रिसर्पीन हें सत्त्व वेगळें काढण्यांत आलें. १९५५ सालीं अमेरिकेंत असें दिसून आलें कीं, रिसर्पीन दिल्यावर जनावरांच्या मेंदूंतील सेरोटोनिनचा सांठा रिकामा होतो. चित्ताची खळबळ शांत करणारें औषध आणि मेंदूंतील हें रसायन यांचा संबंध आहे, ही कल्पना येथून बळावली.

आतां सेरोटोनिनचें काम कसें चालतें तें सांगतों. मेंदूच्या देठांत, अगदीं मध्यरेषेवर, पेशींचे कांहीं पुंजके आहेत. त्यांस 'राफे' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. या शिवणीवरील पेशी अब्जांच्या हिशेबांत अगदींच थोड्या, कांहीं लाखांच्या घरांतल्या. पण त्यांचे तंतु साऱ्या मेंदूभर पसरलेले असतात. या तंतूंच्या टोंकांतून सेरोटोनिन बाहेर पडतें आणि समोरच्या पेशीवर जी त्याच्यासाठीं ठेविलेली जागा असते तेथें जाऊन बसतें. या जागेस इंग्रजींत रिसेप्टर व मराठी परिभाषेंत ग्राही म्हणतात. कुलूप व किल्ली यांसारखा हा संबंध आहे. किल्ली एक, पण कुलपें मात्र पुष्कळ : सेरोटोनिनच्या ग्राहींचीं सात कुळें असून माणसांत त्यांचे चौदा प्रकार मोजले जातात. म्हणूनच एकच रसायन झोंप, भूक, वेदना, शरीराची उष्णता, ओकारी आणि मनःस्थिति अशा इतक्या निरनिराळ्या कामांत हात घालूं शकतें.

या चौदांपैकीं आज आपणांस एकाचाच परिचय हवा. त्यास 'एक-ए' ग्राही म्हणतात. त्याची गंमत अशी कीं, तो दोन ठिकाणीं असतो. कांहीं 'एक-ए' ग्राही निरोप घेणाऱ्या पेशीवर असतात, तर कांहीं खुद्द निरोप पाठविणाऱ्या राफेच्या पेशींच्या अंगावर. हे दुसरे कशासाठीं? घरावरील पाण्याच्या टाकींत तरंगता गोळा बसविलेली तोटी आपण पाहिली असेल. पाणी वर चढलें कीं गोळा वर उचलला जातो व तोटी बंद होते. राफेवरील 'एक-ए' ग्राही हें असेंच काम करतात. आजूबाजूस सेरोटोनिन वाढलें कीं ते आपल्याच पेशीस 'आतां पुरे' अशी सूचना देतात, आणि पेशीचे ठोके मंदावतात. म्हणजे हा लगाम आहे. हा लगाम थोडा सैल झाला तर सेरोटोनिनचें कार्य वाढेल, हें उघड आहे.

व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपीन या ग्राहींवर स्वतः जाऊन बसत नाहींत. तीं या कुलपांच्या किल्ल्या नव्हेत. तरीहि त्यांच्यामुळें हा लगाम सैल होतो काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला. पण जिवंत माणसाच्या मेंदूच्या देठांतील लगाम तपासावयाचा कसा? कवटी उघडून पाहतां येत नाहीं. येथें त्यांनीं एक युक्ति योजिली, आणि त्या युक्तीचें मुख्य साधन आपल्या प्रत्येकाच्या घरांत आहे : थर्मामीटर.

'एक-ए' ग्राहीवर नेमकें जाऊन बसणारीं कांहीं रसायनें आहेत. त्यांतील एकाचें नांव इप्सापिरोन. तें पोटांत घेतलें असतां शरीराची उष्णता अंशाच्या कांहीं दशांशांनीं उतरते, आणि त्याबरोबरच रक्तांत कॉर्टिसोल वगैरे स्राव वाढतात. उष्णता कितपत उतरली यावरून ग्राही कितपत जागरूक आहेत याचा अंदाज येतो. दार ठोठावून आंतून उत्तर किती मोठ्यानें येतें तें ऐकावें, तशीच ही रीत आहे.

हा प्रयोग रोग्यांवर न करतां प्रथम निरोगी माणसांवर कां करावा, असें कोणी विचारील. त्याचीं कारणें आहेत. रोग्याचा रोगच दिवसेंदिवस पालटत असतो. आज उन्माद, उद्यां तो आपोआपहि उतरेल. शिवाय त्यास दुसरीं दोन-चार औषधें चालू असतात. मग दिसलेला फरक रोगाचा, या औषधाचा कीं त्या औषधाचा, हें कसें ठरवावें? निरोगी माणसाचें तसें नाहीं. त्याच्यांत जो फरक पडेल तो औषधाचा म्हणतां येतो. अर्थात् अशा माणसानें सर्व समजून, राजीखुषीनें संमति दिली पाहिजे. १९४७ सालच्या न्युरेंबर्ग निकालानंतर हा दंडक जगभर मान्य झाला आहे.

कॅनडांतील व्हँकूव्हर येथें शिया, यथम, लॅम व झिस या संशोधकांनीं असा प्रयोग केला व तो १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं दहा निरोगी पुरुष घेतले. प्रत्येकास एक आठवडा व्हॅल्प्रोएट व एक आठवडा तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या देण्यांत आल्या. कोणता आठवडा कशाचा हें गोळ्या घेणारास ठाऊक नव्हतें आणि मोजमाप करणारासहि ठाऊक नव्हतें. कारण माहीत असलें म्हणजे मन आपल्याला हवें तें पाहतें. प्रत्येक आठवड्याच्या अखेरीस इप्सापिरोन देऊन उष्णता व रक्तांतील स्राव मोजले. निष्कर्ष असा निघाला कीं, व्हॅल्प्रोएटच्या आठवड्यानंतर उष्णता नेहमींइतकी उतरली नाहीं. कॉर्टिसोलच्या वाढीवर मात्र परिणाम झाला नाहीं.

याचा अर्थ संशोधकांनीं असा लाविला : उष्णतेचें उतरणें राफेवरील लगामाशीं निगडित आहे, व स्रावांचें वाढणें निरोप घेणाऱ्या पेशींवरील ग्राहींशीं. पहिलें कमी झालें, दुसरें तसेंच राहिलें. त्याअर्थीं व्हॅल्प्रोएटनें लगाम सैल केला असावा, आणि त्यामुळें सेरोटोनिनचें कार्य वाढत असावें.

या एकाच प्रयोगावर सारी इमारत उभी नाहीं. ऑक्सफर्ड येथें १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरोगी माणसांना कांहीं दिवस कार्बामाझेपीन देऊन नंतर ट्रिप्टोफॅन शिरेंतून देण्यांत आलें. ट्रिप्टोफॅन हा दूध, डाळी, अंडीं यांत असणारा घटक आहे व त्यापासूनच शरीर सेरोटोनिन बनवितें. तो दिल्यावर प्रोलॅक्टिन नांवाचा स्राव वाढतो. कार्बामाझेपीननंतर ही वाढ अधिक झाली. त्याआधीं १९८६ सालीं लिथियमविषयींहि निरोगी माणसांत असाच अनुभव आला होता. लिथियम हें फेफऱ्याचें औषध नव्हे. जॉन केड यांनीं ऑस्ट्रेलियांत १९४९ सालीं उन्मादावर त्याचा गुण दाखविला, व मनाचा तोल राखणाऱ्या औषधांत तें अद्यापहि अग्रभागीं आहे. तीन औषधें, तीन निराळ्या कुळांचीं. पण निरोगी माणसाच्या सेरोटोनिनवरील तिघांचा कल एकाच दिशेचा दिसला. हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

मात्र मास्तराची सवय अशी कीं, गणित सुटलें तरी ताळा पाहिल्याखेरीज तें फळ्यावरून पुसावयाचें नाहीं. तेव्हां या निष्कर्षांचाहि ताळा पाहूं.

पहिली गोष्ट, दहा माणसें म्हणजे थोडीं माणसें. तीं सारीं पुरुष, आणि औषध एकच आठवडा. दुसरी गोष्ट, माणसांत उष्णता उतरते ती राफेवरील ग्राहींमुळें कीं अन्य ठिकाणच्या ग्राहींमुळें, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. उंदरांत जें ठरलें तें माणसांत तसेंच्या तसें लागू करतां येत नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सेरोटोनिन कमी म्हणून मनुष्य दुःखी, आणि वाढलें कीं सुखी, हा हिशेब खरा नाहीं. २०२२ सालीं लंडनच्या जोॲना माँक्रिफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पूर्वींच्या संशोधनाची एकत्र छाननी केली, तेव्हां विषादाच्या रोग्यांत सेरोटोनिन कमी असतें यास सुसंगत पुरावा त्यांस आढळला नाहीं. शिवाय सेरोटोनिनचें कार्य वाढविणारें औषध उन्माद उतरवितें तरी कसें, हा प्रश्न उरतोच. द्विध्रुवी विकार म्हणजे एखादें भांडें रिकामें होणें नव्हे. तो नियंत्रणाचा बिघाड आहे. आणि औषधाचा गुण बहुधा एका ग्राहीवरील परिणामांत नसून सोडियमचीं दारें, गाबा, पेशींच्या आंतील घडामोडी आणि सेरोटोनिनचा लगाम या सर्वांच्या जोडकामांत असावा. लगाम सैल होणें हा त्यांतील एक धागा आहे. सबंध वस्त्र नव्हे.

मग या प्रयोगांतून घरच्या माणसांनीं घ्यावें काय? माझ्या मतें एक गोष्ट निश्चित घ्यावी. तोल राखणाऱ्या या औषधांनीं निरोगी माणूस हर्षानें नाचूं लागत नाहीं. फार तर त्यास सुस्ती वाटेल, मळमळेल, हात कांपतील. मनाला उचलून धरणारी अशी कोणतीहि जाणीव त्यास होत नाहीं. आणि तरीहि त्याच्या मेंदूच्या देठांत कांहीं तरी बदललेलें असतें. तें त्यास कळत नाहीं, पण थर्मामीटरला कळतें. जाणीव होत नाहीं म्हणून औषध काम करीत नाहीं, असें समजणें किती फसवें आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

द्विध्रुवी विकाराच्या रोग्याची हीच तर अडचण असते. सहा महिने ठीक गेले, कामावर जाऊं लागला, जेवूं-झोपूं लागला, कीं तो म्हणतो, 'मला आतां कांहीं होत नाहीं. ही गोळी कांहींच करीत नाहीं.' घरचेहि म्हणतात, 'उगीच जन्मभर गोळ्या कशाला?' दोन्ही बोलणीं समजण्यासारखीं आहेत. पण 'कांहीं होत नाहीं' हेंच त्या गोळीचें काम असूं शकतें! धरणाची भिंत पावसाळ्यांत उभी राहते, म्हणून गांवांत पूर आला नाहीं. आणि पूर आला नाहीं, म्हणून गांवकऱ्यांनीं भिंत पाडावयास निघावें, तसा हा प्रकार होतो. विशेषतः फेफऱ्यावरचीं हीं औषधें एकाएकीं सोडल्यास आणखी एक धोका आहे : अपस्माराच्या रोग्यास जोराचें फेफरें येऊं शकतें, आणि मनोरुग्णाचा विकार उलटूं शकतो. म्हणून कमी करावयाचीं तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें, पायरीपायरीनें.

नाण्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हीं औषधें निरुपद्रवी नाहींत. व्हॅल्प्रोएट गरोदरपणीं पोटांतील बालकास फार अपायकारक आहे. तें घेणाऱ्या मातांच्या दर शंभर मुलांमागें सुमारें दहांत जन्मजात व्यंग, आणि तीस ते चाळीस मुलांत पुढील वाढीचे व बुद्धीचे दोष आढळतात. म्हणून तरुण मुलींस व स्त्रियांस हें औषध लिहून देण्यापूर्वीं डॉक्टरांशीं स्पष्ट बोलणें झालें पाहिजे, आणि तें घेत असतां दिवस राहिल्यास औषध स्वतः न तोडतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. मुलगी लग्नाची आहे म्हणून रोग लपवावयाचा, आणि रोग लपविल्यामुळें औषधाचा धोकाहि लपवावयाचा, असें आपल्या समाजांत घडतें. त्याची किंमत न जन्मलेल्या जिवास द्यावी लागते, हें आईबापांनीं विसरूं नये.

कार्बामाझेपीन व लॅमोट्रिजीन यांनीं क्वचित् अंगावर घातक पुरळ उठतें. कार्बामाझेपीनच्या बाबतींत हा धोका आशिया खंडांतील कांहीं जनसमूहांत आढळणाऱ्या एका आनुवंशिक गुणामुळें वाढतो. लॅमोट्रिजीनची मात्रा फार सावकाश वाढवावी लागते. व्हॅल्प्रोएट बरोबर असेल तर तें शरीरांत अधिक सांठतें, म्हणून मात्रा आणखी कमी ठेवावी लागते. असें औषध चालू असतां अंगावर पुरळ, तोंडांत फोड किंवा ताप आला तर थांबूं नये. एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्यानें गोळी घेण्याचा प्रघात किती घातक आहे, हें यावरून कळेल. परीक्षेच्या काळजीनें त्रस्त झालेल्या मुलास 'मन शांत करणारी' म्हणून ही गोळी देणारे कोणी असतील, तर त्यांनीं हें नीट ऐकावें.

आतां गृहिणीच्या मूळ शंकेकडे वळतों. बाई, तुमच्या माणसास फिटची गोळी दिली याचा अर्थ त्यास फीट येते असा नव्हे, आणि डॉक्टर चुकले असाहि नव्हे. औषधाला त्याच्या पहिल्या उपयोगाचें नांव चिकटून राहतें, इतकेंच. तीच गोळी मेंदूंतील बेफाम ठोके आवरते आणि दुसऱ्या वाटेनें सेरोटोनिनच्या लगामासहि हात लावते, असें निरोगी माणसांवरील प्रयोगांवरून दिसतें. या दोन्ही वाटा जेथें मिळतात तेथील नकाशा अजून पुरा झालेला नाहीं. परंतु नकाशा अपुरा असला तरी रस्त्यानें पुष्कळ माणसें सुखरूप घरीं पोंचलीं आहेत, हेंहि खरें.

शेवटीं एकच सांगतों. मधुमेहाच्या रोग्यास आपण 'मन घट्ट कर, साखर उतरेल' असें म्हणत नाहीं. मग ज्याच्या मेंदूंतील लगाम बिघडला आहे त्याला मात्र 'हें सगळें तुझ्या मनाचे खेळ आहेत' असें कां म्हणावें? मन शरीरावेगळें कोठें अधांतरीं राहत नाहीं. तें इतकें शरीरांत आहे कीं, त्याच्या औषधाची खूण उष्णतेच्या पाऱ्यांत उमटते. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें उपचार मिळणें हा प्रत्येक मनोरुग्णाचा हक्क ठरविला आहे. ज्यांना कोणाशीं बोलावें हें सुचत नाहीं, त्यांच्यासाठीं सरकारनें २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनीवरील सोय चालविली आहे. तिचा क्रमांक १४४१६ आणि तेथें आपल्या भाषेंत बोलतां येतें. कायदा आणि दूरध्वनि यांच्या आधीं जी गोष्ट लागते ती मात्र घरांतच मिळते : रोग्याला दोष न देतां त्याची गोळी वेळेवर त्याच्या हातांत ठेवणें, आणि चार महिने तो बरा दिसला तरी ती ठेवीत राहणें.